लहान कॅमेरा, मोठा कॅमेरा आणि समोरचा माणूस

(राजापेठ, अमरावती येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

राजापेठेत व्याख्यान, आणि तेही कॅमेऱ्यावर, म्हटल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला बाहेर चपला काढतानाच विचारलं, "भाऊ, कोणता घ्यावा?" तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोणता घ्यावा हे आज आम्ही सांगणार नाही. ज्या कॅमेऱ्यांबद्दल बोलणार आहोत ते आता दुकानात नवे मिळतच नाहीत. (हशा) म्हणजे निदान त्या मोहात तरी आपण पडणार नाही. वस्तू बाजारातून उठली की तिच्याबद्दल शांतपणे बोलता येतं, ते आज करू.

हे बघा, सदऱ्याच्या खिशातून काढतो. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवले तर जेवढं होईल, साधारण तेवढं. पेंटॅक्स क्यू, साल २०११. वजन बॅटरीसकट दोनशे ग्रॅमच्या आसपास. आता हे बटण दाबतो, फिरवतो, आणि ही लेन्स बाहेर आली. मागच्या रांगेत हसू आलं, ते स्वाभाविक आहे. एवढ्याशा जिवाला लेन्स बदलायची सोय कशाला, हाच तो प्रश्न. आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं आम्हाला सापडलेलं उत्तर आहे, आणि ते पूर्णपणे कॅमेऱ्याच्या बाजूचं नाही.

आधी थोडा इतिहास, पटकन. लहान कॅमेरा आणि बदलती लेन्स ही जोडी जुनी आहे. ऑस्कर बार्नाक यांचा लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत आला, तोच मुळात मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांच्या तुलनेत खिशातला म्हणून. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, त्याची लेन्स बदलता येऊ लागली. जपानमध्ये ऑलिम्पसचे योशिहिसा मैतानी यांनी १९५९ साली पेन नावाचा अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा केला, आणि १९६३ मध्ये पेन एफ. लेन्स बदलणारा, आरशाचा, तरी डोक्यावर उंचवटा नाही. १९७८ च्या सुमारास पेंटॅक्सनं ऑटो ११० काढला. तो तळहातात मावायचा आणि त्याला सुरुवातीला तीन लेन्स होत्या: १८, २४ आणि ५० मिलिमीटर. त्या ११० फिल्मची चौकट होती १३ गुणिले १७ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

कारण तीस वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये, ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स नावाची पद्धत जाहीर केली, आणि तिच्या सेन्सरचं माप निघालं १७.३ गुणिले १३. जवळजवळ तेच. त्यात नवं काय होतं? आरसा काढून टाकला. आपल्या लग्नातल्या फोटोग्राफरकडे जो मोठा डीएसएलआर असतो, त्याच्या पोटात एक तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो, म्हणून डोळ्याला चित्र दिसतं. त्या आरशाला हलायला जागा लागते, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब ठेवावी लागते. जुन्या फोर थर्ड्समध्ये हे अंतर ३८.६७ मिलिमीटर होतं, नव्यात साधारण २० झालं. पोट निम्मं झालं, की बॉडी बारीक होणारच.

मग चढाओढ लागली. २००९ मध्ये ऑलिम्पसचा ई-पी १, २०१० मध्ये सोनीचे नेक्स, २०११ मध्ये निकॉन १ आणि हा पेंटॅक्स क्यू, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये पॅनासॉनिकचा जीएम १. हा जीएम १ म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं टोक. लांबी-रुंदी जवळपास क्यूएवढीच, वजन बॅटरीसकट २०४ ग्रॅम, पण आत सेन्सर मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे क्यूच्या सुमारे आठपट क्षेत्रफळाचा.

आठपट म्हणजे काय, हे अंगणातल्या पावसावरून समजून घेऊ. पाऊस पडतोय आणि तुम्ही अंगणात एक वाटी ठेवली, एक परात ठेवली. पाऊस दोघींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त जमतं. सेन्सर ही प्रकाशाची परात आहे. क्यूची वाटी साधारण २८ चौरस मिलिमीटरची, जीएम १ ची २२५, आणि ज्याला फुल फ्रेम म्हणतात ती ८६४. भर दुपारी वाटीसुद्धा भरते, कारण धो-धो पाऊस आहे. संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात, किंवा लोड शेडिंगमध्ये कंदिलाच्या उजेडात, रिमझिम असते. तिथे वाटीतलं पाणी तळाशीच राहतं, आणि फोटोवर वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसतात. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात कंपनीची लबाडी नाही.

आता टीकेकडे येतो. या कॅमेऱ्यांवर जी समीक्षा झाली ती बहुतेक याच आकड्यांवर झाली: सेन्सर केवढा, ठिपके किती, किंमत किती. क्यू आला तेव्हा अमेरिकेत लेन्ससकट आठशे डॉलर. एवढ्या पैशात मोठा कॅमेरा येतो, मग हे खेळणं कशाला, असा एकूण निकाल लागला. आम्हाला तो निकाल चूक वाटत नाही, अपुरा वाटतो. तो प्रयोगशाळेतला निकाल आहे. हा कॅमेरा एप्रिलच्या दुपारी बडनेऱ्याच्या रस्त्यावर कसा वागतो, हे त्यात नाही.

ते आम्ही सांगतो. आम्ही काही जण रविवारी सकाळी राजापेठेतून निघतो, चहा घेतो आणि जिल्ह्यात कुठंतरी जातो. अशा फिरण्यात हे दोन्ही जुने कॅमेरे आम्ही काही वर्षं वापरले. इथे त्यांचे तीन दोष दिसले.

पहिला दोष, ऊन. क्यूला आणि जीएम १ ला डोळा लावायची खिडकी नाही, म्हणजे व्ह्यूफाइंडर नाही. मागच्या पडद्यावर बघायचं. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या पडद्यावर काय दिसतं? आपलाच घामेजलेला चेहरा. (हशा) आम्ही कित्येक फोटो अंदाजानं काढलेत. पॅनासॉनिकला हे उमगलं असावं, कारण पुढच्या वर्षी जीएम ५ आला त्याला त्यांनी बारीकशी खिडकी दिली.

दुसरा दोष, फुफाटा. आरसा नाही, म्हणजे लेन्स काढली की सेन्सर उघडा. जिनिंगच्या आवारात कापसाचा हंगाम चालू असताना हवेत काय उडत असतं, तुम्हाला सांगायला नको. रुईचे तंतू, सरकीची धूळ. तिथे लेन्स बदलणं म्हणजे उघड्या डोळ्यानं उफणणीसमोर उभं राहणं. आणि यात एक गंमत आहे. धुळीचा कण मोठ्या सेन्सरवर बसला तर चित्रात ठिपका होतो, तोच कण लहान सेन्सरवर बसला तर तुलनेनं मोठा डाग होतो. म्हणजे ज्याला लेन्स बदलण्याची सर्वात जास्त हौस, त्यालाच ती सर्वात महाग.

तिसरा दोष, लेन्स. बॉडी लहान करता येते, पण चांगली झूम लेन्स हवी तेवढी लहान करता येत नाही, कारण तिला परात भरायची असते. सोनीच्या नेक्सचं हेच झालं. बॉडी वडीएवढी आणि तिला झूम लावली की तोंडाला लोटा बांधल्यासारखी. जीएम १ ला मोठी झूम लावा, सगळा तोल पुढे जातो. क्यूनं उलटा मार्ग धरला: वाटीच लहान, म्हणून लेन्सही लहान, आणि संच खरोखर खिशात मावतो. रचनेचा प्रामाणिकपणा बघितला तर या सगळ्यांत क्यू उजवा, आणि अंधारात तोच सर्वात दुबळा. दोन्ही एकाच निर्णयातून आलं.

मेळघाटात जाणारे मित्र म्हणतील, अहो, पण क्यूला जुनी २०० मिलिमीटरची लेन्स अ‍ॅडॉप्टरनं लावली तर ११०० मिलिमीटरसारखी दिसते, पक्षी एकदम जवळ! खरं आहे, साडेपाचपट. १९९७ साली नंदुरबारकडे, शहाद्याजवळ, रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, आणि मेळघाट आज त्याचं मोठं आश्रयस्थान आहे. तो दिसावा म्हणून आम्हीही अशी जोडणी करून गेलो. हातानं फोकस, पडद्यावर ऊन, आणि हात जरा हलला की पक्षी चौकटीबाहेर. फोटो आला तो फांदीचा. (हशा) म्हणून म्हणतो, ११०० हा आकडा कागदावरचा आहे.

इथवर ऐकून वाटेल, मग संपलंच की. नाही. आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो, आणि ते सांगणं आम्हाला सोपं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या भागात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांचे ते दिवस होते. बाहेरून पत्रकार यायचे, गाड्या यायच्या, आणि त्यांच्यासोबत स्थानिक म्हणून आम्हीही जायचो. खांद्यावर मोठा कॅमेरा, त्याला ७०-२०० ची पांढरी लांबलचक झूम. एका गावात ओसरीवर एक बाई बसली होती. कुणीतरी म्हणालं, मालकाचा फोटो हातात घेऊन बसा. ती उठली, भिंतीवरची तसबीर काढली, पदरानं पुसली, आणि आम्हाला विचारलं, "कसा धरू? मांगच्यायनं छातीशी धराले लावला होता. तुमाले कसा पाह्यजे?"

आम्ही सांगितलं. कसा धरायचा ते सांगितलं. आणि काढला. तो फोटो छापून आला. तो आमचा आहे हे आम्ही आजवर चारचौघांत बोललो नव्हतो, आज बोलतोय.

आता यात कॅमेऱ्याचा काय दोष? पुष्कळ जण म्हणतील, दोष तुमचा. मान्य. पण अवजाराचाही त्यात हात असतो, हे आम्ही शिकलो. ती मोठी झूम घेऊन तुम्ही ओसरीपासून पंधरा-वीस फुटांवर उभे राहता. तिथून बोलणं होत नाही, फक्त सूचना होतात: इकडे बघा, मान जरा खाली. तुमचा चेहरा यंत्रामागे झाकलेला. समोरच्या माणसाला दिसतं ते काचेचं मोठं भोक आणि अंगणात थांबलेली गाडी. एवढा पसारा बघून तो माणूस आपोआप आज्ञाधारक होतो. फोटोत जे दिसतं त्याला आपण दुःख म्हणतो; त्यातला काही भाग आज्ञापालनाचा असतो.

आणि त्या काळातले असे फोटो आठवून बघा. बाई, भिंत, हातात तसबीर. गाव बदलतं, चौकट तीच. तिचं घर कसं चालतं, कर्ज कुणाचं, तिच्या हातची वेचणी किती, पोरगी शाळेत जाते का, हे काही त्या चौकटीत येत नाही. एकच फोटो शेकडो घरांत काढला गेला, आणि तो काढणाऱ्यांत आम्ही होतो.

आता जीएम १ कडे परत या. याला आम्ही जी लेन्स कायमची लावली ती २० मिलिमीटरची, एफ १.७, वजन १०० ग्रॅम, पुरणपोळीसारखी चपटी. मायक्रो फोर थर्ड्सवर ती ४० मिलिमीटरसारखी दिसते. या लेन्समधून माणूस चौकटीत भरायचा तर चार-पाच फुटांवर जावं लागतं. चार-पाच फूट म्हणजे बोलण्याचं अंतर. तिथे उभं राहून तुम्ही मुके राहू शकत नाही. "काय मावशी, पाऊस होता का इकडं?" म्हणावंच लागतं. आणि व्ह्यूफाइंडर नाही, ज्याला आम्ही मघाशी दोष म्हटलं, त्यामुळे कॅमेरा छातीपाशी राहतो आणि तुमचं तोंड उघडं राहतं. समोरच्याला तुमचे डोळे दिसतात.

ही गोष्ट नवी नाही. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण. त्यांनी स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेराही वापरला आणि रोलीफ्लेक्सही. रोलीफ्लेक्समध्ये वरून, मान खाली घालून बघतात. फोटो काढणारा वाकलेला असतो, चेहरा झाकलेला नसतो. आपल्या घरोघरी जो आग्फा क्लिक थ्री होता, १२० च्या रोलवर बारा फोटो देणारा, तो मात्र डोळ्याला लावायचा. म्हणजे प्रश्न नुसत्या आकाराचा नाही. यंत्र धरल्यावर माणसाची उभं राहण्याची रीत काय होते, हा प्रश्न आहे. कॅमेऱ्याच्या समीक्षेत आम्हाला हा रकाना हवा आहे, आणि तो कुणी ठेवत नाही.

पण थांबा. लहान कॅमेरा म्हणजे सज्जन कॅमेरा, असं आम्ही म्हणालो तर ते खोटं होईल. एका जिनिंगच्या फाटकाशी बाया कापसाचे गठ्ठे उतरवत होत्या. आमच्या हातात हा क्यू. कुणी लक्षच दिलं नाही. आम्ही दहा-बारा फोटो काढले, मनात खूश, की बघा किती नैसर्गिक आले. तेवढ्यात एक जण म्हणाली, "काय हाय थे?" दाखवला. पडद्यावर स्वतःला बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "म्या समजली खेळणं हाय. मंग इचारलं काहून नाई?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्यानं त्या बाईला हुकूम दिला होता, लहान कॅमेऱ्यानं हिला फसवलं. फोटो तिथेच, तिच्यासमोर पुसले.

म्हणून आमचं मत असं झालं आहे. लहानपण हा गुण नाही, ती संधी आहे. भीती कमी करण्याची संधी, आणि चोरी करण्याचीही. त्यातलं काय होईल हे बऱ्याच अंशी लेन्स ठरवते. इथे तो पहिला प्रश्न सुटतो, एवढ्याशा जिवाला लेन्स बदलायची सोय कशाला? कारण लेन्स बदलणं म्हणजे अंतर बदलणं. लांबची लावली की मी तुझ्याशी बोलणार नाही असं आपण ठरवतो. पक्ष्याशी तसं वागावंच लागतं, जवळ गेलात तर तो उडतो. माणसाशी तसं वागायचं कारण सहसा नसतं. ज्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते तो तुम्हाला हा निर्णय घ्यायला लावतो, हातानं, मुद्दाम, घरातून निघतानाच. ही या जातीची आमच्या लेखी खरी किंमत.

गेली ती जात. त्याची कारणं सांगितली पाहिजेत, भाबडेपणा नको. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे आहेत: २०१० साली सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२१ साली सुमारे चौऱ्याऐंशी लाख. निकॉन १ ची मालिका २०१८ मध्ये बंद झाली. ऑलिम्पसनं २०२० मध्ये कॅमेऱ्याचा धंदा विकण्याचं जाहीर केलं. क्यूचा शेवटचा भाऊ २०१४ चा, जीएमचाही. फोननं खाल्लं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की कंपन्यांनी हे कॅमेरे 'मोठ्या कॅमेऱ्याइतकेच चांगले' म्हणून विकले, आणि ते तसे नव्हते. ते वेगळे होते. वेगळं म्हणून विकायला त्या वेगळेपणाचं नाव माहीत असावं लागतं, ते जाहिरातीत कधी आलं नाही.

आणि फोन? आज काही फोनांत एक इंची सेन्सर आहे, क्यूच्या चौपट. त्याला तीन-तीन लेन्स आहेत. अर्धा, एक, तीन असं बोट लावलं की लेन्स बदलते, धूळ जात नाही. तंत्र म्हणून फोन जिंकला, यात वाद नाही. पण त्याला एक खोट आहे. हातात फोन धरलेला माणूस काय करतोय हे समोरच्याला कळत नाही. तो मेसेज वाचतोय, रस्ता बघतोय, की माझा फोटो काढतोय? मोठा कॅमेरा दबाव आणतो, फोन लपवतो. या दोहोंच्या मधे एक जागा होती: कॅमेरा आहे हे दिसतं, पण भीती वाटत नाही. दाखवून, विचारून काढता येतो. ती जागा या लहान कॅमेऱ्यांची होती, आणि ती आज रिकामी आहे.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे, २०१६ चे पद्मश्री, यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले ते मिळतील तिथे बघा. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे शोधू नका. फोटो काढणारा किती जवळ उभा आहे ते बघा. ते अंतर दुकानात मिळत नाही. लहान कॅमेरा फार तर त्याची सवय लावतो, पुढचं आपल्याला करावं लागतं.

वेळ झाली. एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेऊ. "त्या ओसरीवरच्या बाईंना नंतर भेटलात का?"

हो. दोन वर्षांपूर्वी गेलो, हा जीएम १ आणि ती चपटी लेन्स घेऊन. तसबीर अजून भिंतीवर आहे. तासभर बसलो, चहा झाला. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, आम्हीच सांगितलं. फोटो काढू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आता राहू द्या भाऊ." आम्ही कॅमेरा खिशात ठेवला. मोठी झूम असती तर ती ठेवायला खिसा नसता, एवढंच.